हैबतराव हवालदारांचं एकच खोटं

परवा सांगलीहून माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. हैबतराव हवालदार गेले. नव्वदी गाठून, मुली-जावई-नातवंडं भोवती असताना गेले. त्याचं दुःख करत बसावं असं काही नाही. मला दुःख झालं नाही, संताप आला, आणि तो खालच्या मजकुराचा. हळदीच्या पेठेनं म्हणे शोकसभा घेतली. फोटोला हार घातला. एका वक्त्यानं त्यांना ‘शांत आणि सोशिक’ म्हटलं, दुसऱ्यानं ‘अजातशत्रू’, आणि तिसऱ्यानं ते सगळ्यांशी कसे मिळूनमिसळून वागत ते सांगता सांगता डोळे पुसले.

या तिसऱ्या गृहस्थांच्या वडिलांना मी ओळखत होते. हैबतरावांच्या वखारीवर एकही हमाल जाऊ नये म्हणून पेठेत दारोदार फिरलेला माणूस तो. आणि शांत? मी हैबतरावांच्या घरात सात वर्षं बिऱ्हाड केलं आहे. ते शांत असत ते फक्त दाढी करताना, कारण तेव्हा बोललं तर कापतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही कळतं. पण चांगलं बोलायचं म्हणजे खोटं बोलायचं, असं कुणी ठरवलं? हैबतराव चांगले होतेच, आणि त्यांचा चांगुलपणा त्यांच्या रागात होता. तो राग काढून टाकला तर मागं फोटो आणि हार एवढंच उरतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. साताऱ्याहून मी सांगलीला मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले, बरोबर आई. बिनलग्नाची, नोकरी करणारी बाई म्हणून तीन घरांनी आम्हाला दारातूनच वाटेला लावलं. चौथं घर हवालदारांचं. हरिपूरच्या रस्त्याला पुढं वखार, मागं राहतं घर, आणि त्याला लागून दोन खोल्या. पन्नाशीचा, उंच, वाळकुडा माणूस दारात उभा होता. आता हा जात विचारणार, पगार विचारणार, म्हणून मी तयारीत होते.

“बाई, झोपताना खिडकी लावता?” त्यांनी विचारलं.

“थंडी असली तर लावते.”

“मग तुमचं-आमचं जमायचं न्हाई.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या घरात एकाही खिडकीला दार नव्हतं. सगळी दारं बिजागऱ्यांसकट काढून माळ्यावर टाकलेली. “भाकरी एक दिस नसली तर चालंल,” ते म्हणाले, “हवा नसली तर घटकाभरबी निभत न्हाई.” आईनं माझ्याकडं पाहिलं, मी आईकडं पाहिलं. चौथं घरही सोडण्यात अर्थ नव्हता. सात हिवाळे आम्ही पोत्याच्या पडद्यांवर काढले.

हे खूळ कुठून आलं ते मला पुढं कळलं. हैबतराव मूळचे साताऱ्याकडचे, उंब्रजजवळच्या एका गावचे. विशीत गावातल्या पाच पोरांबरोबर पलटणीत भरती झाले आणि पहिल्या लढाईत थेट फ्रान्सला गेले. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. मला एकदाच सांगितलं, तेही असं चिडून की जणू त्यांना मीच पाठवलं होतं.

“पिवळट धूर, बाई. जमिनीला धरून आला, पान्यावानी. आमी खंदकात. भ्यालेली पोरं खाली बसली, तोंड झाकून. जी बसली ती गेली. जड हवा खाली बसती हे त्या पोरास्नी कोन सांगनार? मी उभा ऱ्हायलो म्हनून वाचलो. मर्दुमकीनं न्हाई. माझा पाय आखडला हुता, मला बसताच येईना. आन सरकारनं मला पदक दिलं. कशाचं? पाय आखडल्याचं!”

गावच्या पाचांपैकी तिघं त्या खंदकात राहिले. हैबतराव आले ते अर्धी छाती आणि मेलेलं नाक घेऊन. त्यांना कसलाही वास येत नसे. फुलाचा नाही, घामाचा नाही, जळक्या भाकरीचा नाही. आणि या माणसानं धंदा काय धरला, तर हळदीचा! आधी गाडीवान म्हणून दुसऱ्यांची हळद वाहिली, मग स्वतःची वखार टाकली. बाकीचे व्यापारी हळकुंड नाकाला लावून डोळे मिटायचे. हैबतराव ते कानाशी नेऊन मोडायचे. टक् असा सुका आवाज आला की माल पसंत. त्यांचा अंदाज चुकल्याचं मी ऐकलं नाही. पेठेत थट्टा चाले, “हवालदाराचं नाक फ्रान्सात गहाण पडलंय,” आणि तेही ती थट्टा रंगवून दुसऱ्यांना सांगत. त्यांच्या नाकाची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस सांगलीत शोधून सापडला नसता.

वास येत नसला तरी मिरचीचा ठसका मात्र त्यांच्या छातीला जाऊन भिडे. हे त्यांच्या बायकोला, बायजाकाकूंना, पक्कं ठाऊक होतं. नवरा ऐकेनासा झाला की त्या एक शब्द बोलत नसत. तव्यावर मूठभर मिरच्या टाकत. पाचव्या मिनिटाला हैबतराव रस्त्यावर, तिथून खोकत खोकत ओरडा: “अगं हो! तुझंच खरं! पर तवा खाली उतर!” पलटणीला जे जमलं नसेल ते काकू चार मिरच्यांत करून दाखवत.

घरात चार मुली. मुलगा नाही म्हणून कुणी हळहळलं की त्या माणसाची खैर नसे. सकाळी वखार उघडायच्या आधी चौघींच्या वेण्या हैबतराव स्वतः घालत. पलटणीत खेचरांचे दोर वळून हात बसलेला, त्यामुळं वेण्या अशा आवळलेल्या की पोरींच्या भुवया वर चढायच्या. शाळेत प्रार्थनेला ओळीनं उभ्या राहिलेल्या त्या मुली दिवसभर कशाचं तरी नवल वाटल्यासारख्या दिसत. एकदा एका शेजाऱ्यानं, “बापयानं वेण्या घालाव्यात का?” असं विचारलं. हैबतराव कंगवा हातात धरून त्याच्या अंगणात गेले आणि म्हणाले, “सरकारनं मला परक्याच्या पोरांवर बंदूक धराय शिकवली तवा तू न्हाई इचारलंस. आता आपल्या पोरीची येनी घालतो तर इचारतोस?” शेजारी घरात गेला.

या दुसऱ्या लढाईसाठी भरती चालू झाली, तेव्हा कुणा साहेबानं जुन्या सैनिकांना सभेत बोलवलं. हैबतरावांनाही पदक लावून व्यासपीठावर बसवलं आणि तरुणांना चार शब्द सांगायची विनंती केली. ते उठले आणि म्हणाले, “बूट चांगलं मिळत्यात. पगार येळेवर मिळतो. घरी कोन मेलं तर पत्र तीन म्हैन्यांनी मिळतं. आता ज्याला जायचं त्यानं जावं, पर मागनं म्हनू नका की हवालदारानं सांगितलं न्हाई.” खाली बसले. पुन्हा त्यांना कुठल्याच सभेला बोलावणं आलं नाही.

हा झाला माणूस. आता पेवांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या तिकडं हळद जमिनीखाली ठेवतात. नदीकाठची माती तशीच आहे, पाणी धरत नाही. पुरुष-दोन पुरुष नव्हे, चार-पाच पुरुष खोल खड्डा, आत घागरीसारखा पसरट आणि वर तोंड एवढंसं, की एक माणूस जेमतेम उतरेल. याला पेव म्हणतात. आत पाचट लावून हळद भरायची, वर फरशी ठेवून मातीनं लिंपायचं. वर्षानुवर्षं कीड लागत नाही. का लागत नाही? कारण आत जगण्यासारखी हवाच नसते. कीड जगत नाही तिथं माणूस काय जगणार? म्हणून फरशी काढल्यावर पेव उघडं ठेवायचं, मग दोराला बांधून कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. ही रीत सगळ्यांना माहीत होती. पाळत किती जण होते ते विचारू नका. गिऱ्हाइकाच्या गाड्या ताटकळत उभ्या असल्या की कंदील कुणाला आठवतो?

हैबतराव तेवढ्यावरही थांबत नसत. त्यांच्या पेवात कंदील जळत वर आला तरी पहिला हमाल उतरत नसे. पहिले हैबतराव उतरत. अर्ध्या छातीचा, पन्नाशी उलटलेला मालक कमरेला दोर बांधून आत जाई, शंभर आकडे मोठ्यानं मोजी आणि वर येऊन म्हणे, “आता जावा.” बाकीचे मालक हसत. त्यांच्यात दौलतराव पहिले.

दौलतराव म्हणजे हैबतरावांचे व्याही. पेठेतलं मोठं नाव, गोड बोलणं, कपाळाला नेहमी गंध. हवालदारांची थोरली हौसा मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या मुलाला दिलेली. चौघींत बापाला उलट बोलणारी ही एकटीच. म्हणून बापाचा जीव तिच्यात जास्त. दौलतरावांचं घर आणि पेवांचं आवार एकाला एक लागून होतं. दौलतराव म्हणत, “पाव्हणं, तुमी पेवात उतरता तवा मला लाज वाटती. लोक म्हनत्यात, दौलतरावाचा व्याही हमाल हाय.” हैबतराव म्हणत, “मला लाज वाटती ती तुमचा कंदील कदी पेटत न्हाई त्याची.”

लढाई संपायच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. सकाळी दौलतरावांकडचा एक हमाल पळत आला. “हवालदार, चला! दोघं पेवात पडल्यात, वर येईनात!” हैबतराव दोर घेऊन निघाले. काकूंनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. “बाई, तुमी जावा मागनं. त्येंच्या छातीचं काय खरं न्हाई.”

आवारात पन्नास माणसं गोल उभी होती आणि एकही जण हलत नव्हता. गिऱ्हाइकाच्या गाड्या दारात. फरशी काढून अर्धा तासही झाला नव्हता. कंदील भिंतीला टांगलेला होता, त्यात तेल होतं, तो पेटवलेला नव्हता. म्हादू नावाचा हमाल उतरला आणि हाकेला ओ देईना, म्हणून त्याचा भाऊ भिवा मागोमाग उतरला. दोघं कवठे महांकाळकडचे धनगर. दुष्काळात मेंढरं गेली म्हणून हमालीला आलेले. म्हादूची बायको कोंडाबाई पेवाच्या तोंडाशी बसून एकसारखं नवऱ्याचं नाव घेत होती.

हैबतरावांनी कडुनिंबाच्या फांद्या तोडायला लावल्या. त्यांचा मोठा जुडगा दोराला बांधला आणि विहिरीत पोहरा आपटावा तसा पेवात वर-खाली, वर-खाली चालवला, हवा ढवळून निघावी म्हणून. मग कंदील सोडला. तो जळत राहिला. मग स्वतः उतरले. आधी भिवाला वर पाठवलं, मग म्हादूला. दोघंही कधीच संपले होते.

वर आल्यावर हैबतरावांना खोकल्याची अशी उबळ आली की त्यांना धड उभं राहवेना. मी त्यांना धरून घराच्या मागच्या भिंतीशी नेलं. बराच वेळ ते तिथं वाकून बसले होते. तेवढ्यात मागच्या दारानं हौसा आली. सातवा महिना होता तिला. ती बापाशेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “आबा, तुमी इकडं आल्यावर पेढीवरच्या दिवाणजींनी मामंजींच्या कपाटातली बाटली न्हेली. दोघास्नी पडवीच्या आडोशाला न्हेऊन अंगावर वतली, तोंडात वतली. म्या दारातनं बघितलं.”

हैबतरावांचा खोकला थांबला. “तुला कुनी बघितलं?”

“न्हाई.”

“मग तूबी काय बघितलं न्हाईस. आत जा.”

“आबा, पर...”

“हुकूम हाय माझा. जा!”

ती गेली. ते माझ्याकडं वळले. “बाई, तुमी काय ऐकलं?”

“काही नाही,” मी म्हटलं. आजही मला त्या उत्तराचा अभिमान वाटत नाही.

मग दौलतराव आले. डोळे ओले होते. ते ओले करण्यात हा माणूस हुशार होता. म्हणाले, “पाव्हणं, गेलेली काय परत येत न्हाईत. फौजदार यायला लागल्यात. पंचनाम्यावर तुमची सही पायजे, तुमच्या सहीला वजन हाय. दोघं पिऊन उतरली, एवढंच लिवायचं.” दौलतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “हौसाचं दिस भरत आल्यात. पहिलंच हाय. तिच्या जिवाला घोर नको, बगा.” किती मायेनं म्हणाले! मी आयुष्यात धमक्या पुष्कळ ऐकल्या, इतकी मऊ धमकी दुसरी ऐकली नाही.

फौजदार तरुण होता आणि माणूस वाईट नव्हता. तो विचारत होता आणि पंच सांगतील ते लिहीत होता. चार व्यापाऱ्यांनी एकामागून एक सांगितलं, “दारू प्याली हुती.” कोंडाबाई ओरडली, “माझ्या धन्यानं जल्मात थेंब घेतला न्हाई वं! कुनाबी इच्यारा!” तिचं कुणी लिहून घेतलं नाही. ती पंच नव्हती ना! ती फक्त त्याची बायको होती.

हैबतरावांची पाळी आली. ते म्हणाले, “पेवातली हवा वाईट हुती. कंदील न सोडता मानसं उतरवली.”

“ते लिहितो,” फौजदार म्हणाला. “पण दारूचं काय? प्यायले होते की नव्हते?”

त्यांना ठाऊक होतं ते हौसानं सांगितलेलं. ते सांगावं तर तिचं नाव येणार. न सांगावं तर दोन मेलेली माणसं कागदावर दारुडी म्हणून राहणार आणि पेठेतला एकही मालक पुढं कंदील पेटवणार नाही. आणि ज्या माणसानं स्वतःच्या पदकाबद्दलही खोटं सांगितलं नव्हतं, तो म्हणाला, “आत मी दोघांच्या तोंडाशी तोंड न्हेऊन श्वास बघितला. दारूचा वास नव्हता.”

मागून कुणीतरी म्हणालं, “हवालदार, तुमचं नाक फ्रान्सातनं परत कवा आलं?”

आणि माणसं हसली. पुढ्यात पोत्याखाली दोन भाऊ झोपवलेले, शेजारी एक बाई कपाळ बडवून घेत होती, आणि सांगलीच्या पेठेतली शहाणीसुरती, देवाला जाणारी माणसं खो खो हसली. ते हसू माझ्या कानांतून अजून गेलेलं नाही. शोकसभेत भाषणं करणाऱ्यांपैकी निदान दोघांचे वडील त्यात होते. मी नावं सांगू शकते.

फौजदारानं लेखणी खाली ठेवली. “तुम्हाला वास येत नाही, हे खरं?”

हैबतरावांची मान खाली गेली. ती खाली गेलेली मी प्रथमच पाहत होते. “खरं हाय,” ते म्हणाले.

“मग?”

फौजदारानं पुन्हा लेखणी उचलली.

“सायेब, मला वास येतो.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. घराच्या दारात हौसा उभी होती, डोक्यावर पदर, एक हात चौकटीला. “मला नाक हाय, डोळंबी हायत. दोघास्नी वर काढलं तवा कसला वास नव्हता. बाटली आमच्या कपाटातली. दिवाणजींनी वतली. म्या बघितली.”

“सूनबाई, आत जा,” दौलतराव म्हणाले.

“हौसा, गप!” हैबतराव ओरडले. त्यांचा आवाज फुटला.

ती कुणाचंच ऐकून आत गेली नाही. फौजदारानं दिवाणजींना पुढं बोलवलं. त्या बिचाऱ्याचा जीव केवढा! दोन प्रश्नांतच तो जमिनीवर बसला आणि रडायला लागला. लिहिलेला कागद फाडला गेला आणि दुसरा लिहिला गेला. पेवाची हवा न तपासता माणसं उतरवली आणि दोघं गुदमरून मेली, असं त्या कागदावर आलं. फौजदारानं तो वाचून दाखवला तेव्हा कोंडाबाईनं रडणं थांबवून शेवटपर्यंत ऐकून घेतला.

संध्याकाळ व्हायच्या आत हौसाची ट्रंक दाराबाहेर आली. नवरा घरात होता. तो बाहेर आला नाही. त्या दिवशी नाही, दोन महिन्यांनी मुलगी झाली तेव्हा नाही, त्यानंतरही नाही. बापापुढं ब्र काढायची ज्यांची छाती नसते त्यांनी लग्नं कशाला करावीत, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि पेठ काय म्हणाली? ज्यानं मेलेल्यांच्या तोंडात दारू ओतवली त्याच्याबद्दल काही नाही. ‘हवालदारानं पोरीचा संसार मोडला.’ ‘हवालदार फौजदारापुढं खोटं बोलला.’ कितीतरी वर्षं हेच चालू होतं. बायका पाणवठ्यावर हौसाला जागा देत नसत. हैबतरावांच्या वखारीवर हमाल जाऊ नयेत म्हणून माणसं फिरली ते मी वर सांगितलंच. हमाल मात्र आले. कुणी न बोलावता, रोजच्यापेक्षा लवकर आले. आज त्या पेठेत प्रत्येक पेवात आधी कंदील जातो, आणि ही आमची वाडवडिलांपासूनची रीत आहे असं पाहुण्यांना सांगतात. ऐकून हसावं की कुणाच्या थोबाडीत द्यावी ते मला कळत नाही.

हैबतराव स्वतः मात्र पेठेवर चिडण्यापेक्षा स्वतःवर जास्त चिडले होते. एकदा वेण्या घालता घालता मध्येच हात थांबवून मला म्हणाले, “बाई, जल्मभर खरं बोलून काय केलं मी? एकच येळ पडली, तर धड खोटंबी बोलाय जमलं न्हाई. दुसरं कायतरी सांगायचं हुतं. नाकाचंच कशाला सुचलं?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला हसू आवरेना. मग तेही हसले. आणि लगेच, हसल्याबद्दल, मला रागावले.

हौसाला त्यांनी वखारीच्या गादीवर बसवलं. बाईशी सौदा करायचा नाही म्हणून काही व्यापारी आल्या पावली परत गेले. हैबतराव ओट्यावरून त्यांना हात जोडून म्हणत, “जावा, लवकर जावा, गाडी चुकंल.” वर्षभरात त्यातले बरेचसे परत आले, कारण माल चोख होता. तिसऱ्या वर्षी तिच्या हाताखाली दोन पेवं जास्त झाली.

स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी मला साताऱ्याच्या शाळेत जागा मिळाली. सामान बांधून झालं होतं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी दौलतराव हवालदारांच्या दारात आले. थकले होते. बसा म्हणायच्या आधी ओट्यावर बसले. म्हणाले, “पाव्हणं, झालं गेलं. नातीचं तोंड बघू द्या. सुनंला न्यायला आलोय.”

मला वाटलं आता स्फोट होणार. हैबतरावांनी आत वळून हाक मारली, “हौसा, तुझं मामंजी आल्यात. काय ते तूच सांग.”

ती बाहेर आली. सासऱ्याच्या पाया पडली. म्हणाली, “मामंजी, म्हादूची बायकू कवठ्याकडं आसती. तिच्या दारात एकडाव जावा. चुकलं म्हना. त्या दिशी मी येते, कुनी न्यायला नगो, माझी मी येते.”

दौलतरावांनी जोडे पायात सरकवले. मग उठून गेले. कवठ्याला ते कधी गेले नाहीत. गाडीनं अर्ध्या दिवसाची वाट होती, आणि त्या माणसाला मरेपर्यंत ती झाली नाही.

थोड्या वेळानं हैबतराव माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. “बाई, तुमी उद्या जानार. एक इचारतो, खरं सांगा. त्या दिशी मी सही करून मोकळा झालो असतो, तर आज ती तिच्या घरात असती. व्हय का न्हाई?”

मला राग आला. त्यांचा नाही, ज्या जगानं त्यांना हा प्रश्न विचारायला लावला त्याचा. आणि तो मी त्यांच्यावरच काढला. “व्हय!” मी ओरडलेच. “असती! पंच झालेल्या एकाही माणसाच्या घरात काही मोडलं नाही, तुमच्याच घरात मोडलं. आणि म्हादू-भिवा कागदावर दारुडे राहिले असते, तेही खरंच!”

त्यांनी मान हलवली. “बरं झालं बोलला. घरात सगळी मला न्हाई म्हनत्यात. माझं मन राखाय बोलत्यात.”

नंतर लग्नकार्यांत, गर्दीत, त्यांच्या माझ्या भेटी झाल्या. पण जवळून पाहिले ते त्या दुपारी शेवटचे. आमच्या खोलीचं मधलं दार उघडं होतं. हैबतराव स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. काकू आणि धाकट्या मुली जेवून उठल्या होत्या. हौसानं त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि समोर स्वतःचं घेऊन बसली. त्यांनी घास घेतला नाही.

“हौसा,” ते म्हणाले, “माझं चुकलं न्हाई. तरीबी मला माफ कर.”

ती खाली बघून भात कालवत राहिली. “जेवा, आबा,” शेवटी म्हणाली. मी दार लोटून घेतलं. तासाभरानं काकू भांडी उचलायला गेल्या, तेव्हा दोन्ही ताटं भरलेली तशीच होती.